‘एन्ट’ला अशिक्षित ठरवणाऱ्यांना

‘एन्ट हा शब्दच नाही. तो शब्दकोशात नाही. अमेरिकेतल्या अशिक्षितांनी तो काढला. मुलांना वापरू देऊ नका.’ ‘नाही’ या अर्थाच्या ‘एन्ट’ (ain't) या इंग्रजी शब्दाबद्दल असा मजकूर पालकांच्या ग्रुपवर सारखा फिरतो. यातली पहिली तिन्ही विधानं खोटी आहेत.

शब्दकोशात ‘एन्ट’ आहे आणि जुना आहे. वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत तो ‘बोलीतला किंवा अशिक्षितांचा’ अशा शेऱ्यासह होता. १९६१ मध्ये फिलिप गोव्ह यांनी संपादित केलेली पुढची आवृत्ती निघाली. तिने लिहिलं की हे रूप अनेकांना खटकतं, कमी शिकलेल्यांत ते जास्त ऐकू येतं. पण अमेरिकेच्या बहुतेक भागांत सुसंस्कृत माणसंही बोलताना ते वापरतात, विशेषतः ‘एन्ट आय?’ (मी नाही का?) असं विचारताना. एवढ्यावरून तिकडच्या वर्तमानपत्रांनी रान उठवलं. न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून झोडपलं. माझ्या मते गोव्ह बरोबर होते. लोक काय बोलतात हे कोशाने लपवायचं कशासाठी?

अमेरिकेचं म्हणाल, तर या शब्दाचा पूर्वज सतराव्या शतकाच्या अखेरीच्या इंग्लंडमधल्या नाटकांत भेटतो. ‘अ‍ॅम नॉट’ जोडून म्हणताना म आणि न लागोपाठ येतात, जीभ अडते, म गळतो. मग तेच रूप ‘आर नॉट’, ‘इज नॉट’साठी आणि पुढे ‘हॅव नॉट’, ‘हॅज नॉट’साठीही चालू लागलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे उमराव ते बिनदिक्कत बोलत. गंमत म्हणजे आज शुद्ध मानलं जाणारं ‘आरन्ट आय?’ व्याकरणात बसत नाही, कारण ‘आय आर’ कुणीच म्हणत नाही. त्यावर मात्र एकही मेसेज फिरत नाही.

परीक्षेत किंवा नोकरीच्या अर्जात ‘एन्ट’ लिहू नये, हे मान्य. तिथे औपचारिक भाषाच लागते.

‘अशिक्षित’ हा शिक्का मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो माणसांवर बसतो. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इंग्रजीत ‘ही एन्ट गो’ म्हणजे तो गेला नाही; तिथे ‘एन्ट’ ‘डिडन्ट’चंही काम करतो. त्याच वाक्यात दुसरा नकार आला तरी अर्थ होकारी होत नाही, नकारच राहतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासलं, आणि त्यात त्यांना नेमके, काटेकोर नियम सापडले.