सदाफुलीची लाज? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या शोधावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'अंगणातल्या सदाफुलीची तुम्हा शिकलेल्यांना लाज वाटते. मुलीला रोज चार पानं चावायला दिली असती तर सुया टोचायची वेळच आली नसती.' शिवाय एक साल चुकल्याचं आणि औषधाचे दुष्परिणाम मी लपवल्याचं म्हणता.

साल चुकलं, मान्य. १९५८ हे व्हिन्ब्लास्टिन या सदाफुलीतल्याच दुसऱ्या औषधाच्या शोधाचं. मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, देतात त्या व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९६३ मध्ये. दुरुस्ती केली आहे.

पण लाज? आमच्या आजीने तुळशीशेजारी सदाफुली लावली होती, रोज पूजेला तीच फुलं असायची. माझ्या लेकीच्या दुखण्यावरून मला असं ऐकवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? मतभेद असतो तिथे मुद्दा मांडतात. आई-बापाला बोल लावत नाहीत.

आणि 'आपली' म्हणता ती सदाफुली मूळची मादागास्करची. कॅनडात नोबल आणि बीअर हे दोन संशोधक मधुमेहासाठी तिचा पाला तपासत होते. उंदरांची साखर काही उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने उतरल्या. तिथून कर्करोगावरच्या औषधाची ही वाट सापडली. शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून व्हिन्क्रिस्टिन मिळतं जेमतेम ग्रॅमभर. मुलाला द्यायचं ते उंची-वजनावरून हिशेब करून, एका वेळी फार तर २ मिलिग्रॅम, तेही फक्त शिरेतून. शिरेबाहेर झिरपलं तर मांस जळतं, चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो. इतक्या जहाल औषधाचा हिशेब चार पानांत कसा बसवता? आणि पानं चावून ल्युकेमिया टळतो याला तर कसलाच आधार नाही.

दुष्परिणामांचं तुम्ही मला सांगू नका. लेक पाच वर्षांची होती. जबडा इतका दुखायचा की मऊ वरणभातही ती बाजूला सारायची. चालताना पाऊल उचललं जायचं नाही, फरशीवर फट फट आपटायचं. फ्रॉकचं बटण तिला लावता येईना. सावरायला कित्येक महिने गेले. त्या लेखाचा विषय औषधाचा शोध हा होता, म्हणून हे त्यात आलं नाही.

एक मात्र सांगते. त्याच दिवसांत एका नातेवाइकांनी सदाफुलीचा काढा आणून दिला होता आणि मी तो तिला दोनदा पाजला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "यात औषध किती आहे ते सांगा, म्हणजे तेवढं मी इंजेक्शनातून कमी करतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. काढा त्याच संध्याकाळी ओतून टाकला. तुमच्याकडे उत्तर असेल तर लिहा.