रंकाळ्यावरचं लाल आभाळ आणि टॉवरचा काय संबंध?

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रंकाळा तलावावर मावळतीला लाल-जांभळ्या झालेल्या आभाळाचा फोटो आणि खाली चार दावे. आभाळ निळं असतं ते समुद्राच्या प्रतिबिंबामुळं. आता ते लाल होतंय ते फाईव्ह-जी टॉवरच्या विद्युतचुंबकीय लहरींमुळं. पूर्वी असं कधी होत नव्हतं. आणि अशा संध्याकाळी घातक किरण उतरतात, पोरांना बाहेर सोडू नका.

समुद्राचं आधी उरकून टाकू. आपल्यात आणि समुद्रात अख्खा सह्याद्री उभा आहे, तरी आभाळ निळंच. लडाखात समुद्राचा मागमूस नाही, तिथलं आभाळ तर जास्तच गडद निळं. गंमत म्हणजे एकेकाळी जाणकारांचं म्हणणं नेमकं उलटं होतं: समुद्रच आभाळाचा रंग उसना घेतो. 1921 साली बोटीनं इंग्लंडहून परतताना शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी तेही तपासलं आणि पाण्याला स्वतःचा रंग आहे असं दाखवलं.

आता टॉवर. ‘विद्युतचुंबकीय’ म्हटलं की लोक दचकतात. पण हा मेसेज ज्या उजेडात वाचला, तो उजेडही विद्युतचुंबकीय लहरीच आहे. फरक लांबीचा. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). निळा आखूड, तांबडा लांब. आपल्याकडं फाईव्ह-जीसाठी वापरात असलेल्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी आठ-नऊ सेंटीमीटरच्या, म्हणजे तांबड्या प्रकाशाहून लाखभर पटींनी लांब. लहर जितकी लांब, तितकी तिच्या एकेका कणाची ऊर्जा कमी. टॉवरची लहर डोळ्यांना दिसत नाही आणि तिच्यामुळं हवाही उजळत नाही. आणि साधा प्रश्न आहे भावा, टॉवर काय फक्त संध्याकाळी साडेसहालाच चालू होतो? दुपारी दोन वाजता तो बंद असतो का?

खरा खेळ हवेच्या रेणूंचा. ते प्रकाश विखुरतात, पण सगळे रंग सारखे नाही. लहरीची लांबी निम्मी झाली की विखुरणं 16 पटींनी वाढतं, हे इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1871 साली मांडलं. त्या हिशेबानं निळा तांबड्यापेक्षा सुमारे सहा पट जास्त विखुरतो, म्हणून दिवसा चहूकडून निळंच डोळ्यांत येतं. सूर्य क्षितिजाला टेकला की त्याच्या किरणांना माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत 38 पटींच्या आसपास हवा ओलांडावी लागते. निळा वाटेतच विखुरून जातो, पोचतो तो केशरी-तांबडा. तोच खालून ढगांना लागतो आणि वरच्या उरलेल्या निळ्यात मिसळला की फोटोतला जांभळा तयार.

घरी करून बघा. खोलीत अंधार करा, काचेच्या ग्लासभर पाण्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका (गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं चालेल, पिशवीतलंही चालेल) आणि एका बाजूनं मोबाईलची टॉर्च लावा. आडवं बघितलं तर पाणी निळसर दिसतं. पाण्यातून थेट टॉर्चकडं बघितलं तर उजेड पिवळट-केशरी. दूध जास्त झालं की मात्र सगळं नुसतं पांढरं.

‘पूर्वी नव्हतं’ हे तर धडधडीत खोटं. 1883 च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या बारीक कणांनी पुढं कित्येक महिने जगभरची मावळती पेटवली. अमेरिकेत काही ठिकाणी आग लागली समजून लोकांनी बंब बोलावले. मद्रासकडं तर त्या सप्टेंबरात सूर्य हिरवा दिसला होता. तेव्हा मोबाईल सोडाच, रेडिओसुद्धा नव्हता.

घातक किरणांचा सल्ला तर पार उलटा. कातडीला त्रास देणारे अतिनील किरण निळ्याहूनही आखूड. संध्याकाळच्या लांब वाटेत ते सर्वांत आधी गळतात. त्यांचा जोर भर दुपारी. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य कोल्हापूरच्या अगदी माथ्यावरून जातो, त्या उन्हात पोरं क्रिकेट खेळतात तेव्हा हा मेसेज कुणी टाकत नाही.

फोटोबद्दल एवढंच, की मोबाईलचा कॅमेरा रंग आपणहून चढवतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र राहूनच गेली. हंगामात ऊस तुटला की फडात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवतात. तो धूर हवेत तरंगत राहिला की सूर्याचा गोळा आणखी तांबडा दिसतो. कण जाडे असतील तर आभाळ नुसतं मळकट. धुरातले 2.5 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण थेट फुप्फुसात खोलवर जातात, आणि दम्याच्या माणसाला ते त्याच रात्री जाणवतं. पाचटाची कुट्टी करून ते रानातच ठेवता येतं. पण त्यासाठी टॉवरला शिव्या देऊन भागत नाही, शेजारच्या फडवाल्याशी बोलावं लागतं.