लहान मण्याचा निदान बेदाणा तरी होतो

"लोकांना लहान फोन हवा असता तर कंपन्यांनी विकला नसता का?" सांगलीकडच्या मंडळींत फोनचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकतंच, आणि निकाल लागल्यासारखे बाकीचे गप्प होतात. कोल्हापूर-मिरजेत असं कुणी म्हटलं तर एक वेळ सोडून देता येईल. पण तासगावच्या द्राक्षपट्ट्यात उन्हाळे काढलेल्या माणसानं म्हणावं?

युरोपला जाणारा द्राक्षाचा मणी 16 ते 18 मिलिमीटरचा लागतो. तो वेलीवर आपोआप तेवढा होत नाही. थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी, गर्डलिंग म्हणजे खोडाची साल गोल कापणं, जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवणं, हा सगळा खटाटोप त्या मापासाठी असतो. इथे जर्मनीत पाचशे ग्रॅमचा डबा उचलणाऱ्या बाईला विचारा. गोड हवीत, बी नको, एवढंच म्हणेल. मिलिमीटर ती कधी बोललेली नाही. माप ठरतं खरेदीदाराच्या कागदावर आणि त्या कागदाला सगळी बाग लागते. मग तेच म्हणणार, बघा, मोठाच मणी खपतो. खपणारच की, दुसरा डब्यात होता कुठे?

लहान फोन हरल्याचा पुरावा म्हणून नेहमी आयफोन 12 मिनी दाखवतात. 131.5 बाय 64.2 मिलिमीटर, वजन साधारण 135 ग्रॅम. आला नोव्हेंबर 2020 मध्ये. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याच कंपनीनं 4.7 इंची आयफोन एसई जाहीर केला होता, भारतात 42,500 रुपयांना. लहान फोनची वाट बघणाऱ्यांपुढे आधी स्वस्त पर्याय ठेवायचा, सहा-सात महिन्यांनी 69,900 चा मिनी आणायचा आणि तो कमी खपला की "लोकांना नको होता" म्हणायचं. वर आपल्याकडे लहान म्हणजे हलका, हलका म्हणजे स्वस्त असा हिशेब. त्यानंतरचा 13 मिनी 2023 च्या सप्टेंबरात यादीतून गेला. एसईची मालिकाच 2025 मध्ये संपली आणि तिच्या जागी 6.1 इंची आयफोन 16ई बसला.

अँड्रॉइडवाल्यांनी तर मिनी या शब्दाचीच अब्रू घालवली. 2013 चा सॅमसंगचा गॅलेक्सी एस4 मिनी म्हणजे मोठ्या भावाचं नाव आणि आत कमी ताकदीचा प्रोसेसर. सोनीनं उलट केलं. 2014 च्या एक्सपिरिया झेड1 कॉम्पॅक्टमध्ये 4.3 इंची पडद्यामागे मोठ्या फोनचाच प्रोसेसर होता. ती वाट 2018 च्या एक्सझेड2 कॉम्पॅक्टपाशी संपली. एसुसनं 2023 च्या झेनफोन 10 पर्यंत 5.9 इंच धरून ठेवले आणि पुढच्याच वर्षी 6.78 वर उडी मारली.

कंपन्यांची बाजूही आहे, ती लपवत नाही. पडदा लहान केला म्हणून कॅमेरा, चार्जिंगचं भोक, स्पीकर आणि अँटेना त्या प्रमाणात लहान होत नाहीत. मार बसतो बॅटरीला. आयफोन 13 आणि 13 मिनी शेजारी ठेवा. मिनीचं आकारमान सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी, पण बॅटरी सुमारे 3,200 वरून 2,400 एमएएच, म्हणजे चौथ्या हिश्श्यानं. मोडेम, म्हणजे नेटवर्कशी बोलणारा भाग, आणि प्रोसेसर मात्र तेवढंच खातात. सिग्नल कमजोर असेल तर मोडेम जास्त जोर लावतो आणि फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

इंचाचा आकडा तर निव्वळ फसवा. तो पडद्याचा कर्ण असतो. उंची-रुंदीचं प्रमाण 16:9 असलेला जुन्या घडणीचा 5.5 इंची पडदा 68.5 मिलिमीटर रुंद भरतो आणि 19.5:9 चा 6.1 इंची फक्त 65. अंगठ्याला त्रास रुंदीचा आणि उंचीचा होतो, इंचाचा नाही. म्हणून फोन निवडताना बाहेरची रुंदी बघा. 70 मिलिमीटरच्या वर गेला की मध्यम हाताला पलीकडची कड गाठायला फोन तळव्यात सरकवावा लागतो. तो तिथेच निसटतो.

जुना लहान फोन बाहेरून मागवणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. एक, बँड, म्हणजे नेटवर्कचे फ्रिक्वेन्सी-पट्टे. भारतात 3, 5 आणि 40 लागतात. युरोपसाठी बनलेल्या काही मॉडेलांत 40 नसतो. मग रेंज दिसते, पण डेटा रांगतो. दुसरी, व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे त्या मॉडेलवर व्होल्टी चालू नसेल तर इंटरनेट चालेल आणि फोन लागणार नाही. शिवाय पडदा कडेनं किंचित उचललेला दिसला तर बॅटरी फुगलेली समजा. तो चार्जिंगला लावूच नका.

इथे निदान कायदा आहे, असं मी अभिमानानं सांगत असतो. 20 जून 2025 पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या फोनला लेबल लागतं. बॅटरी 800 वेळा चार्ज केल्यावरही 80 टक्के उरली पाहिजे, सुटे भाग विक्री थांबल्यावर सात वर्षं मिळाले पाहिजेत. सांगलीत असं कुठे, असं म्हणून मोकळा होतो. पण त्या लेबलवर रुंदीचा रकाना नाही. दुरुस्तीसाठी नावाजलेला फेअरफोन 5 तब्बल 212 ग्रॅमचा आहे. इथल्या ट्राममध्येही सगळ्यांच्या हातात तीच फळी असते. दुकानात आठ मॉडेलं मांडलेली दिसतात, माप एकच. तासगावच्या लहान मण्याचा निदान बेदाणा होतो, त्याचा सौदा निघतो. लहान फोनला तेवढाही बाजार उरलेला नाही.

आणि ही वकिली फुकटची आहे, हेही कबूल करायला हवं. इथे फोनच्या जोडीला लॅपटॉप असतो. तिकडे एकच फोन हा टीव्ही, बँक आणि मुलांचा अभ्यास असतो. त्यांनी मोठा घेतला तर त्यांना नावं ठेवणारा मी कोण? 2016 च्या पहिल्या, 4 इंची एसईचा पडदा 50 मिलिमीटरही रुंद नाही. रोमनच्या दहा कळा जेमतेम बसतात, देवनागरीच्या ओळीत त्याहून जास्त लागतात. 'ज्ञ' काढताना शेजारचं काहीतरी उमटतं.

त्याहून अडचण वेगळी. त्या फोनला सिमची खाच एकच आणि ई-सिम नाही. जर्मन नंबराशिवाय इथलं काम चालत नाही. सांगलीच्या नंबरावर बँकेचे ओटीपी येतात, म्हणून तो रोमिंगवर रिचार्ज मारून जिवंत ठेवलेला. त्या नंबरावर आता फोन कुणाचाच येत नाही. तरी एका खाचेत कुठलं सिम घालायचं म्हटलं की हात अडतो, आणि शेवटी दोन सिमांचा, 71 मिलिमीटरचा फोनच खिशात जातो.