लायसन्स सस्पेंड असताना ‘बिनधास्त गाडी चालवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘लायसन्स सस्पेंड झालं? घाबरू नका, आपले हक्क जाणून घ्या’ असा एक मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. असल्या मेसेजना मी उत्तर देत बसत नाही. पण काल तो माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली लिहिलं, “मामा, हे वाच आणि आईला समजाव, काही होत नाही.” गाडी चालवताना मोबाइलवर बोलत होता म्हणून याचं लायसन्स तीन महिन्यांसाठी सस्पेंड झालंय, आणि हा रोज ताईच्या नावावरची स्कूटर घेऊन कामाला जातोय. म्हणून हे लिहितोय.

‘पोलिसाने दिलेली पावती हेच तुमचं लायसन्स.’ यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ नुसार काही प्रसंगी लायसन्स जप्त झालं तर मिळणाऱ्या पावतीवर गाडी चालवता येते. पण २०१९ च्या दुरुस्तीने त्याच कलमात चौथं पोटकलम आलं. भरधाव किंवा धोकादायक गाडी चालवणं, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं अशा कारणांनी लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवलं असेल, तर लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. हातात मोबाइल धरून बोलणं धोकादायक चालवण्यातच येतं. शिवाय भाच्याचं प्रकरण पावतीच्या पुढे गेलंय, त्याच्या हातात सस्पेन्शनची ऑर्डर आहे.

‘हा गुन्हाच नाही, फार तर ५०० रुपये दंड.’ पाचशेचा आकडा जुना आहे. लायसन्स सस्पेंड असताना गाडी चालवली तर १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १८२ खाली शिक्षा आहे तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कैदेची तरतूद तर आधीपासूनच होती. ज्याला कैद होऊ शकते त्याला गुन्हा नाही तर काय म्हणायचं? वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार देणाऱ्या कलम २०२ मध्ये १८२ चा उल्लेख नाही, तेवढं मेसेजवाल्याचं बरोबर. पण म्हणून खटला टळत नाही, आणि कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते ती वेगळीच.

‘दुसऱ्या जिल्ह्यातून नवीन लायसन्स काढा.’ हा सल्ला देणाऱ्याने कायदा उघडूनही पाहिलेला नाही. अपात्र असताना, म्हणजे लायसन्स सस्पेंड असताना, नवीन लायसन्ससाठी नुसता अर्ज करणं हासुद्धा त्याच कलम १८२ खालचा गुन्हा आहे, शिक्षा तीच, आणि मिळालेलं लायसन्स कवडीमोलाचं. डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधल्या लायसन्सचाही उपयोग नाही. फोनमध्ये लायसन्स दिसतं म्हणून ते चालू आहे असं होत नाही. अपात्र ठरवलेल्या लायसन्सची नोंद सरकारी पोर्टलवर ठेवायची, असा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे.

आता ज्या ओळीने माझं डोकं फिरलं ती: ‘थर्ड पार्टी इन्शुरन्स आहे ना, मग अपघात झाला तरी कंपनी भरेल.’ कृपा करून आपल्या पॉलिसीचा कागद कपाटातून काढा आणि त्यात चालकाबद्दलचं कलम वाचा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं आणि तो लायसन्ससाठी अपात्र ठरलेला नसावा. सस्पेंड म्हणजे त्या मुदतीपुरता अपात्रच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथेच अडकतो. समोरच्या माणसाचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरन सिंग प्रकरणात घालून दिलेली वाट अशी, की जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना आधी कंपनीने पैसे द्यावेत, आणि मालकाने जाणूनबुजून अट मोडली असेल तर कंपनीने ते त्याच्याकडून वसूल करावेत. म्हणजे ‘कंपनी भरेल’ हे खरं, पण नंतर ती दारात येईल. कोणाच्या? भाच्याच्या नाही, ताईच्या. स्कूटर तिच्या नावावर आहे आणि लायसन्स सस्पेंड आहे हे तिला माहीत आहे. एखादा माणूस दगावला तर भरपाई लाखांत जाते. तिची आयुष्यभराची बचत त्यात जाईल. वर कलम १८० आहेच: लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली म्हणून मालकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. मेसेजमध्ये मालकाबद्दल एक शब्द नाही.

‘सस्पेंड करायचा अधिकार फक्त कोर्टाला’ हेही चूक. कलम १९ तो अधिकार आरटीओला देतं. बाजू मांडायची संधी मात्र द्यावीच लागते, आणि ऑर्डर मान्य नसेल तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. हक्कच सांगायचे होते तर हा सांगायचा!

भाच्याला मी कळवलंय: अपील करायचं तर कर, मी सोबत येतो. नाहीतर तीन महिने बसने जा, आणि उजळणी प्रशिक्षणाची चौकशी आत्ताच करून ठेव, कारण ते पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही. पुन्हा असाच गुन्हा झाला तर सस्पेंड नाही, थेट रद्द होईल. आणि ताई, तोपर्यंत किल्ली तुझ्याकडे ठेव.