पुराच्या दिवसाचा रिकामा रकाना

दगडखाणीतून बाहेर पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचे नमुने कसे घ्यावेत याचे नियम वाचताना सतत जाणवते, की ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बेताचा, समजूतदार पाऊस होता. पाऊस सुरू होतो, थोड्या वेळाने चरातून पाणी वाहू लागते, कोणीतरी रेनकोट चढवून आउटफॉलपाशी, म्हणजे पाणी खाणीची हद्द सोडते त्या तोंडापाशी जाते, पहिल्या अर्ध्या तासात बाटली भरते, ती बर्फाच्या पेटीत ठेवते आणि प्रयोगशाळेकडे रवाना करते. त्याच खाणीत नदी शिरली तर काय करायचे, याचे उत्तरही नियमांत आहे. मात्र ते मला निम्मे अगदी योग्य आणि निम्मे धोक्याचे वाटते. असे अहवाल तपासण्यात माझी काही वर्षे गेली आहेत, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मी लिहिते आहे ते अमेरिकेतील चौकटीबद्दल, कारण माझे काम तिच्यातच झाले. १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा, त्यात १९८७ साली पर्जन्यजलासाठी झालेली दुरुस्ती, १९९० चे नियम आणि १९९५ पासून वेळोवेळी निघत आलेला, अनेक प्रकारच्या उद्योगांना लागू असणारा सर्वसाधारण परवाना, अशी तिची वाटचाल आहे. ईपीए ही केंद्रीय पर्यावरण संस्था न्यू मेक्सिको, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर अशा मोजक्या ठिकाणी हा परवाना स्वतः देते. बहुतेक राज्ये आपापले परवाने काढतात. २०२१ च्या केंद्रीय परवान्यात खडीच्या खाणीसाठी पाण्यातील तरंगत्या घन कणांचा, ज्याला या कामातले सगळे टीएसएस म्हणतात, मापदंड लिटरमागे १०० मिलिग्रॅम इतका आहे. तो ओलांडला म्हणजे लगेच नियमभंग झाला असे नाही. ठरलेल्या वर्षांत दर तिमाहीला एक अशा चार नमुन्यांची सरासरी काढतात, आणि ती जास्त आली तर खाणीला आपले उपाय पायरीपायरीने कडक करावे लागतात. ही सरासरी लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापाशीच होतो.

पूर, वादळी वारे, विजांचा कडकडाट अशा परिस्थितीत आउटफॉलपर्यंत जाणे जिवावर बेतणारे किंवा अशक्य असेल, तर त्या वेळी नमुना न घेण्याची मुभा परवाना देतो. या सवलतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते आणि ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते. खाणीत तर याहून वाईट परिस्थिती असते. भिजून जड झालेला कडा केव्हा सुटेल हे सांगता येत नाही, डंपरच्या रस्त्याची बाहेरची कड आतून पोखरलेली असते, आणि गाळ खाली बसावा म्हणून केलेल्या तळ्याचा बांध वरून भक्कम दिसत असतानाच खालून पाझरू लागलेला असतो. एका बाटलीसाठी तिथे कोणाला पाठवणारा व्यवस्थापक माझ्या लेखी नियम पाळणारा नाही, बेजबाबदार आहे.

शिवाय तशा वेळी भरलेली बाटली बहुधा काहीच सिद्ध करत नाही. नदी आउटफॉलच्या वर चढली की पाणी खाणीतून बाहेर जाते आहे की बाहेरून आत येते आहे, हेच कळत नाही. वरच्या शेतांची माती, रस्त्यांवरचे तेल, दुसऱ्याच कोणाच्या खाणीतला गाळ असे सगळे त्या बाटलीत एकत्र येते. पुढे प्रयोगशाळेचे वेळापत्रक असते. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, १५ मिनिटांच्या आत मोजावा लागतो, गढूळपणा ४८ तासांच्या आत, आणि टीएसएसचा नमुना ६ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवला तर ७ दिवस चालतो. रस्ते बंद, वीज गेलेली, बर्फ वितळलेले, अशा अवस्थेत पोहोचलेल्या बाटलीचा आकडा प्रयोगशाळेने छापून दिला, तरी त्यावर विसंबून कोणतेही अनुमान काढता येणार नाही.

इथपर्यंत सगळे ठीक आहे. अडचण येते ती सवलतीच्या दुसऱ्या भागात. पुरामुळे नमुना राहिला तर कारण नोंदवायचे आणि नमुन्यासाठी पात्र ठरणाऱ्या पुढच्या पावसात त्याच्या बदल्यात नमुना घ्यायचा, असे नियम सांगतो. म्हणजे महापुराच्या जागी त्यानंतरची एखादी सौम्य सर येऊन बसते. मी तपासलेल्या एका खाणीच्या अहवालात त्या तिमाहीपुढे ‘प्रतिकूल हवामान’ एवढे दोन शब्द होते आणि बदली नमुन्याचा आकडा शंभराच्या बराच खाली होता. सरासरी उत्तम आली. कागद कुठेही खोटा नव्हता, कोणी काही लपवलेही नव्हते. तरीही वर्षातील ज्या दोन दिवसांत त्या खाणीतून सर्वाधिक माती गेली असणार, ते दोन दिवस हिशेबातून सफाईने बाहेर पडले होते. ओढ्यांनी वर्षभरात वाहून नेलेल्या गाळातला फार मोठा वाटा मोजक्या मोठ्या पुरांचा असतो, हे नदीचा अभ्यास करणारा कोणीही सांगेल. नेमके तेच दिवस वगळून काढलेल्या सरासरीला सरासरी तरी का म्हणावे?

याचे मूळ गाळाच्या तळ्यात आहे. खाणीतील दगडाची भुकटी अतिशय बारीक असते. ०.०१ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला साधारण तीन तास घेतो, तर ०.००२ मिलिमीटरच्या कणाला त्याच अंतरासाठी तीन दिवस लागतात. तळे काम करते ते पाण्याला थांबवून ठेवण्यामुळे. पुरात पाणी थांबतच नाही. ते तळ्यातून आरपार जाते आणि महिनोन्‌महिने खाली बसलेला गाळही उचलून नेते. ज्या तळ्याने वर्षभर इमानाने माती अडवली, तेच तळे त्या रात्री ती सगळी एकदम सोडून देते.

केंद्रीय नियमांत यासाठी एक सीमा आहे. खडीच्या खाणीतील साठवण किंवा शुद्धीकरणाची व्यवस्था दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या २४ तासांच्या पावसाचे पाणी सामावेल अशी आखलेली, बांधलेली आणि राखलेली असेल, तर तिच्यातून ओसंडणाऱ्या पाण्याला त्या नियमांतील बंधनकारक मर्यादा लागू होत नाहीत. ‘दहा वर्षांतून एकदा’ या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. त्याचा अर्थ, असा पाऊस कोणत्याही एका वर्षी पडण्याची शक्यता १० टक्के असते. दहा वर्षांत तो निदान एकदा पडण्याची शक्यता ६५ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे ही काही विरळा घटना नव्हे. पण माझे लक्ष त्या वाक्यातील ‘राखलेली’ या शब्दावर खिळते. कागदावर हजारो घनमीटरचे असलेले तळे गाळाने अर्धे भरलेले असेल, तर ते राखलेले नाही आणि सवलतीला पात्रही नाही. पूर येण्याच्या आदल्या दिवशी तळ्यात किती जागा शिल्लक होती हे मात्र पूर ओसरल्यावर कोणालाच सांगता येत नाही, कारण ते मोजून ठेवण्याची कोणाला सवय नसते. मोजपट्टी लावलेला एक खांब आणि दर आठवड्याची एक नोंद एवढ्यावर हा प्रश्न सुटतो.

नोंद नसण्याचा तोटा फक्त नदीला होतो असे समजू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाने टेक्ससमध्ये काही ठिकाणी दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडला. ह्यूस्टनच्या उत्तरेला सॅन हसिंटो नदीच्या पश्चिम फाट्यालगत वाळूच्या खाणी आहेत. पुरानंतर नदीत वाळूचे मोठे ढिगारे साचलेले दिसले तेव्हा खाली राहणाऱ्या रहिवाशांनी खाणींकडे बोट दाखवले, तर नदी स्वतःच आपले काठ खाऊन वाळू आणते, असे खाणवाल्यांचे म्हणणे होते. दोन्ही गोष्टींत तथ्य असू शकते आणि प्रमाण कोणाचे किती, हाच खरा वाद आहे. प्रत्येक खाणीच्या वर आणि खाली गढूळपणा नोंदवणारे साधन नदीत असते, तर ज्या खाणीने आपले बांध नीट राखले होते तिला ते दाखवून देता आले असते. सगळ्यांचे रकाने रिकामे राहिले की चांगला आणि वाईट खाणमालक एकाच रांगेत उभे राहतात.

आता त्या टप्प्याकडे येते, जो मला पुरापेक्षाही महत्त्वाचा वाटतो आणि ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पूर ओसरतो, नदी आपल्या पात्रात परत जाते, पण खाणीचा खड्डा भरलेलाच राहतो. मग उपसा सुरू होतो. पंप दिवसरात्र चालतात, कामगार बसून असतात, मागण्या खोळंबलेल्या असतात, आणि पाणी लवकरात लवकर बाहेर काढण्याचा दबाव सगळ्यांवर असतो. हे पाणी कुठून, किती आणि कधी बाहेर पडेल हे माणूस ठरवतो. इथे विजांचा कडकडाट नाही, वादळ नाही, जिवाला धोका नाही. तरीही खडीच्या खाणीतील उपशासाठी केंद्रीय नियमांची मर्यादा फक्त पीएचची आहे, ६.० ते ९.० दरम्यान. चुनखडीच्या खाणीतले पाणी स्वभावतःच या पट्ट्यात असते, म्हणजे दुधासारखे पांढरे पाणी ओढ्यात सोडणारी खाणसुद्धा ही परीक्षा अभ्यास न करता उत्तीर्ण होते. औद्योगिक वाळूच्या खाणींच्या उपशाला मात्र टीएसएसचीही मर्यादा आहे, दिवसाला जास्तीत जास्त ४५ आणि तीस दिवसांची सरासरी २५ मिलिग्रॅम. खडीच्या खाणीखालच्या माशांना हा फरक कोण समजावून सांगणार? शिवाय केंद्रीय परवान्यानुसार या मर्यादेची तपासणी वर्षातून एकदा केली तरी चालते, आणि ती पुरानंतरच्या उपशातच व्हावी असे काही बंधन नाही.

जाता जाता एक विसंगती सांगते. सुरुंगासाठी वापरले जाणारे अमोनियम नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे भरलेल्या खाणीत नायट्रेट शोधणे साहजिक ठरेल. परवान्यात नायट्रेट आणि नायट्राइट यांतील एकत्रित नायट्रोजनचा मापदंड आहे, लिटरमागे ०.६८ मिलिग्रॅम, पण तो आहे वाळू आणि गोट्यांच्या खाणींसाठी, जिथे सहसा सुरुंग लावावेच लागत नाहीत. सुरुंग जिथे रोजचे असतात त्या खडीच्या खाणींसाठी तो नाही.

२०२१ च्या परवान्यात मोठ्या वादळांचा उल्लेख प्रथमच नीट आला, हे मान्य केले पाहिजे. साठवणुकीच्या जागा मजबूत करणे, सामान उंचावर हलवणे अशा उपायांचा खाणीने ‘विचार करावा’ असे त्यात म्हटले आहे. विचार करण्याचे बंधन पाळणे फार सोपे असते.

माझे म्हणणे इतकेच आहे, की पुरात बाटली भरण्याचे बंधन उठवताना त्याच्या जागी दुसरे बंधन यावे. पुराचा इशारा मिळताच तळ्याची पातळी आणि डिझेलच्या टाक्यांची स्थिती नोंदवावी व छायाचित्रे घ्यावीत. पाणी उतरून वाट मोकळी झाली, की २४ तासांच्या आत तळ्याचा आणि आउटफॉलचा नमुना घ्यावा, पाऊस पडत नसला तरी. पंप सुरू करण्यापूर्वी खड्ड्यातील पाण्याचा टीएसएस, नायट्रेट आणि तेलाचा तवंग तपासावा, आणि उपसा चालू असेपर्यंत गढूळपणा रोज मोजावा. बदली नमुना घ्यायचा तर खुशाल घ्यावा, पण तो पुराच्या रकान्यात न भरता वेगळ्या ओळीत लिहावा आणि पुराच्या ओळीत पुराची उंची, अवधी आणि तळे ओसंडले की नाही हे नोंदवावे.

छोट्या खाणीला हे परवडेल का, असा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पुराने क्रशर बंद पडलेला असताना आणखी कागद भरायला सांगणे निर्दयपणाचे वाटू शकते. पण वरच्या यादीत खर्चाची बाब एकच आहे, ती प्रयोगशाळेची, आणि त्यातला एका नमुन्याचा खर्च राहून गेलेल्या नमुन्यासाठी तसाही करावाच लागणार होता. उरते ते खांबावरची पट्टी वाचणे, फोनवर छायाचित्र काढणे आणि हातातल्या गढूळपणा-मापकाचा आकडा वहीत लिहिणे. उपशाचा पंप किती वाजता सुरू झाला, याची नोंद डिझेलच्या हिशेबासाठी पुष्कळ खाणी आजही ठेवतात. त्याच ओळीत पाण्याचा आकडा लिहायला मला तरी जागा पुरेशी दिसते.