आत्या, मिठाच्या पुडीने दान होत नाही

आमची आत्या दर दिवाळीला गावातल्या विद्यार्थी वसतिगृहाला दोन हजार रुपये देते. यंदा दिले नाहीत. पावतीपुस्तक घेऊन आलेल्या पोराला चहा पाजला आणि वाटेला लावलं. कारण विचारलं तर फोनवरचा एक फॉरवर्ड माझ्यापुढे धरला.

"टाटांच्या प्रत्येक वस्तूच्या नफ्यातले ६६ टक्के दानधर्माला जातात. टाटा मीठ घ्या, पुण्य आपोआप जमा होईल." खाली हिरा विकून बांधलेलं हॉस्पिटल, शतकातला सर्वांत मोठा दानशूर, आणि शेवटी ठसक्यात: "टाटांनी आंदोलनवाल्यांना कधी दमडी दिली नाही." वर रतन टाटांचा हसरा फोटो. ओट्यावरच्या पुडीकडे बोट दाखवत आत्या म्हणाली, "महिन्याला दोन लागतात. हे ८०-जीत, दानावरच्या करसवलतीत, बसतं का रे?"

६६ हा आकडा खरा आहे, एवढं मान्य करतो. पण तो नफ्याचा नाही, मालकीचा. टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के शेअर टाटा घराण्याने स्थापलेल्या ट्रस्टांकडे आहेत. १८ टक्क्यांवर शेअर शापूरजी पालनजी घराण्याकडे आहेत, हे फॉरवर्डमध्ये कशाला येईल! आणि मीठ विकते ती टाटा कन्झ्युमर ही बाजारात नोंदलेली निराळी कंपनी. तिच्यात टाटा सन्स आणि तिच्या गटातल्या कंपन्यांचा मिळून वाटा साधारण एक तृतीयांश. बाकीचे मालक म्हणजे म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि डीमॅट खातं असलेला कुणीही शेजारी. यात गुपित काही नाही. नोंदणीकृत कंपनीला दर तिमाहीला भागधारकांचा तक्ता जाहीर करावाच लागतो, बीएसईच्या साइटवर तो फुकट दिसतो. मी तो आत्याला तिथल्या तिथे उघडून दाखवला.

मग मिठाच्या पुडीशेजारी बसून हिशोब मांडला, तोही सढळ हाताने. समजा, एका पुडीमागे तीन रुपये नफा. अर्धा लाभांश म्हणून वाटला, म्हणजे दीड रुपया. त्यातला तिसरा हिस्सा, पन्नास पैसे, सगळा टाटा सन्सलाच गेला असं धरू. टाटा सन्सला नव्या धंद्यांत पैसा घालायचा असतो, पण समजा तिने काहीच मागे ठेवलं नाही. तरी ट्रस्टांच्या हाती आले तेहतीस पैसे. वर्षाच्या चोवीस पुड्यांचे झाले आठ रुपये. वसतिगृहाचे गेले दोन हजार.

हिऱ्याचं अर्धं खरं. १९२४ साली टाटांची पोलाद कंपनी बुडायला आली तेव्हा समूहाचे संस्थापक जमशेटजी यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांनी ज्युबिली हिऱ्यासह खासगी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली. तारण, विक्री नव्हे. हिरा विकला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर, आणि पैसा ट्रस्टकडे गेला. परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल ट्रस्टने १९४१ मध्ये सुरू केलं, पण १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. 'शतकातला दानशूर' म्हणजे जमशेटजी, आणि हे आलं श्रीमंतांच्या याद्या काढणाऱ्या हुरून संस्थेच्या २०२१च्या यादीतून. त्यातले १०२ अब्ज डॉलर म्हणजे मुख्यतः ट्रस्टांकडच्या शेअरांची त्या वेळची किंमत. जमशेटजी १९०४ मध्येच गेले, त्यांनी एवढे पैसे मोजून दिलेले नाहीत.

आता ती दमडी. १९०९ साली दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणसं सत्याग्रह करून तुरुंगात जात होती. गांधींच्या त्या लढ्याला जमशेटजींच्या धाकट्या मुलाने, रतन टाटांनी, २५ हजार रुपये दिले, आणि पुढे ती मदत सव्वा लाखावर गेली. हे आंदोलन नव्हतं तर काय हळदीकुंकू होतं? गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाही त्यांचा पैसा जात असे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गरिबीची कारणं शोधायला त्यांच्याच देणगीतून एक विभाग निघाला. तिथे आर. एच. टॉनी या समाजवाद्याने साखळ्या ठोकणाऱ्या कामगारांच्या किमान वेतनाचा अभ्यास केला. १९१८ मध्ये हे रतन टाटा वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा ट्रस्ट झाला. थोरल्या भावाच्या, दोराबजींच्या ट्रस्टने १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा काढली. तीच आजची 'टिस', म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस.

फोटोतले रतन टाटा निराळे. ते १९३७ साली जन्मले. थोरल्या रतन टाटांच्या पत्नी नवाजबाई यांनी दत्तक घेतलेल्या नवल टाटांचे ते चिरंजीव. फॉरवर्डवाल्याला दोन रतन टाटा आहेत हेच ठाऊक नसावं, नाहीतर शेवटची ओळ लिहिण्याआधी त्याने आधीच्या रतनचं काहीतरी वाचलं असतं.

आत्याने चष्मा लावून आठ रुपयांचा हिशोब दोनदा तपासला. वसतिगृहाच्या पोराचा नंबर मी तिच्या फोनमध्ये घालून दिलाय. रविवारी तो परत येतोय.