डायपरचा खर्च कमी करताना: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. वृद्धाश्रमाच्या खर्चावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "खर्चकपात म्हणजे शेवटी म्हाताऱ्यांचेच हाल. डायपर कमी करा म्हणणाऱ्यांनी एक रात्र ड्यूटी करून बघावी. माणसं कुठून आणायची?"

राग रास्त आहे. "चारऐवजी तीनच डायपर द्या" असं ऑफिसातून फर्मान निघालं की हाल होतातच. ओल्या कातडीवर माकडहाडापाशी लाली येते, ती फुटली की रोजचं ड्रेसिंग आणि पुढे दवाखाना. वाचवलेल्याच्या कितीतरी पट पैसा तिथे जातो.

मी मांडलेली रीत वेगळी आहे. तीन दिवस दर दोन तासांनी बघायचं, ओलं की कोरडं, आणि वहीत टिपायचं. पुष्कळांची वेळ ठरलेली निघते, चहानंतर किंवा जेवणानंतर. त्याच्या दहा मिनिटं आधी कमोडच्या खुर्चीवर बसवायचं. डायपर काढून घ्यायचा नाही, तो कोरडा राहतो म्हणून कमी लागतो. खुब्याचं हाड मोडलेले आणि आधार देऊनही बसू न शकणारे यातून वगळायचे.

आता हिशोब. आठ जणांना दिवसाला चार, नग 30 रुपये धरला तर महिन्याला 28,800. आठातल्या तिघांना रीत जमली आणि प्रत्येकाचे रोज दोन वाचले, तर बचत 5,400. एवढ्यात नवी मावशी ठेवता येत नाही, हे तुमचं खरं. म्हणूनच हे फक्त दिवसपाळीत करायचं. रात्री वीस जणांमागे एकच मावशी असेल तर तिच्यावर हे लादू नका. रात्री डायपर आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, बस.

सगळ्यात घातक चूक पाण्याची. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून संध्याकाळी पाणी कमी पाजलं जातं. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीपार असताना असं केलं की लघवीचा संसर्ग होऊ शकतो, माणूस असंबद्ध बडबडायला लागतो. म्हणून पाण्याचे पेलेही त्याच वहीत लिहा. कापडी लंगोट स्वस्त वाटतात, पण टँकरच्या दिवसांत धुण्याच्या पाण्यात ती बचत वाहून जाते.

सुरुवात जून-जुलैत करावी. दसऱ्यानंतर बीड-धारूरकडच्या मावशा ऊसतोडीला गेल्या की घडी बसत नाही.

आणि डायपरला हात लावण्याआधी औषधं तपासा. दवाखान्यातून परतलेल्या आजोबांना बीपीची जुनी गोळी आणि वेगळ्या ब्रँडची नवी, दोन्ही चालू राहतात. आत घटक एकच. इथे खर्चापेक्षा चक्कर येऊन पडण्याची भीती मोठी. यादी घटकाच्या नावाने लिहून डॉक्टरांना दाखवा, बाहेर विकत घ्यायच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणा.

वहीत खर्चाशेजारी कातडीवरचे नवे व्रण, पडणं, संसर्ग आणि दवाखान्यात भरती यांचे रकाने हवेत. नवा व्रण दिसला की त्या माणसापुरती ही रीत त्याच दिवशी थांबवायची, आणि हा अधिकार मावशीकडे असावा, ऑफिसकडे नाही. तुमच्याकडे दिवसपाळीला किती जणांमागे एक मावशी आहे ते कळवा, त्यावरून कुणापासून सुरुवात करायची ते सांगता येईल.